कंपवात आणि हाडांचे आरोग्य

पार्किन्सन आजार, म्हणजेच कंपवात, मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी घटत गेल्याने होतो. थरथर, ताठरपणा, मंदावलेल्या हालचाली यांवर उपचार सुरू होतात. हाडांकडे मात्र बहुधा एखादे हाड मोडल्यावरच लक्ष जाते. समवयस्क निरोगी व्यक्तींच्या तुलनेत या रुग्णांच्या हाडांची घनता कमी असते आणि अस्थिभंगाचा धोका सुमारे दुप्पट असतो. त्यांत खुब्याचा भंग सर्वांत घातक.

निरोगी माणूस पडताना हात पुढे टाकतो. मनगट मोडले तरी खुबा वाचतो. कंपवाताच्या रुग्णाचा हात वेळेवर पुढे येत नाही आणि कुशीवर पडताना सगळा भार थेट खुब्यावर येतो. पडण्याच्या जागा घरातल्याच असतात. उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, ओट्यापासून वळताना पावले अडखळतात, कपाटाचे घट्ट दार ओढताना तोल मागे जातो. अंथरुणातून उठताच रक्तदाब उतरून घेरी येणे हेही नेहमीचे कारण.

हाडे ठिसूळ होण्यामागे अनेक कारणे एकत्र येतात. हालचाल घटली की हाडांवरचा भार घटतो, घराबाहेर पडणे कमी झाले की ऊन आणि पर्यायाने ड जीवनसत्त्व कमी मिळते, वजनही उतरते. लेव्होडोपा या मुख्य औषधाच्या चयापचयात रक्तातील होमोसिस्टिन वाढू शकते आणि त्याचा हाडांतील कोलॅजनवर विपरीत परिणाम होतो, असे मानले जाते. ब-१२ किंवा फोलेट कमी असल्यास ही वाढ अधिक होते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत ब-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर दिसली. रुग्णांची, विशेषतः शाकाहारींची, ब-१२ ची तपासणी म्हणूनच टाळू नये. लेव्होडोपा मात्र या भीतीने बंद करायचे नसते.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटत असल्याने ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणाचे, प्रमाण स्त्री-रुग्णांत अधिक आहे. तरी खरी हेळसांड होते ती पुरुषांची. कंपवात पुरुषांत स्त्रियांच्या सुमारे दीडपट आढळतो, खुबा मोडल्यानंतर दगावण्याचे प्रमाणही पुरुषांत जास्त. पण हाडांचा ठिसूळपणा हा बायकांचा आजार, या समजापायी त्यांची घनता मोजलीच जात नाही. मणका दबून आलेले पोकही कंपवाताचा बाक म्हणून सोडून दिले जाते. उंची घटली किंवा पाठ अचानक दुखू लागली, तर मणक्यांचा एक्स-रे काढायला हवा.

घनता डेक्सा यंत्राने मोजतात. टी-अंक उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास ऑस्टिओपोरोसिसचे निदान होते. अस्थिभंगाचा धोका वर्तवणाऱ्या मूळ फ्रॅक्स गणकात कंपवातासाठी वेगळा रकाना नव्हता. ब्रिटनच्या क्यूफ्रॅक्चरमध्ये तो आहे.

उपचारांत ड जीवनसत्त्व, पुरेसे कॅल्शियम, तोल व स्नायुबळाचे व्यायाम आणि बिस्फॉस्फोनेट औषधे येतात. अलेंड्रोनेटची गोळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास ताठ बसावे लागते. गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाला हे जड जाते. त्याला शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनेट सोयीचे. कॅल्शियमसाठी घेतलेल्या दुधातील प्रथिनांमुळे लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा येऊ शकतो, म्हणून लेव्होडोपाची गोळी दुधाबरोबर न घेता साधारण अर्धा तास आधी घेतात.

बिस्फॉस्फोनेट औषधांविषयीच्या पुराव्याला मोठा धक्का बसला आहे. कंपवाताच्या रुग्णांत बिस्फॉस्फोनेटमुळे खुब्याचे भंग टळतात, असे दाखवणाऱ्या चाचण्या जपानी संशोधक योशिहिरो सातो यांनी प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांचे अनेक शोधनिबंध पुढे विदा अविश्वसनीय ठरल्याने मागे घेण्यात आले. नव्या, भक्कम पुराव्यासाठी अमेरिकेत टोपाझ ही चाचणी आखण्यात आली. तीत ६० वर्षे व त्यापुढील रुग्णांना परिचारिकांनी घरी जाऊन झोलेड्रोनेट किंवा औषधविरहित द्रव देण्याचे ठरले.

हाड मोडून शस्त्रक्रिया करावी लागलीच, तर कंपवाताच्या गोळ्यांच्या वेळा रुग्णालयातही चुकू देऊ नयेत. त्या अचानक थांबल्यास ताठरपणा धोकादायक पातळीला जातो. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, कारण ते डोपामिनचे कार्य रोखते. नातेवाइकांनी या दोन्ही गोष्टी रुग्णाला दाखल करतानाच सांगाव्यात आणि गोळ्यांचे वेळापत्रक लिहून द्यावे.