पौलाचा सल्ला आणि एक मराठी संसार

ख्रिस्ती विवाहाविषयी बायबल काय सांगते, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुधा आदाम आणि हव्वा यांच्या कथेपासून उत्तरास आरंभ होतो. विवाह हे ईश्वराने घातलेले बंधन असून ते मनुष्याने मोडावयाचे नाही, ही ख्रिस्ताची शिकवणही सर्वपरिचित आहे. परंतु ही शिकवण पतिपत्नी एकाच धर्माची आहेत असे गृहीत धरून चालते. विवाहानंतर दोघांपैकी एकाने धर्म बदलला तर काय करावयाचे, हा प्रश्न निराळा. आणि एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात तो ग्रंथातला राहिला नव्हता, घरात येऊन बसला होता.

या प्रश्नाला बायबलमध्ये उत्तर आहे ते पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात. इसवी सनाच्या पन्नास ते साठ या दशकात इफिस नगरातून लिहिलेले हे पत्र. करिंथ हे व्यापाराचे, नाना जातींच्या माणसांनी गजबजलेले शहर. तेथील नवख्या मंडळीत कोठे पती ख्रिस्ती झालेला, तर कोठे पत्नी. पौल सांगतो की, दुसरे माणूस एकत्र राहण्यास राजी असेल तर त्याला टाकू नये. अशा घरातील मुलेही अपवित्र ठरत नाहीत. मात्र ते माणूस आपण होऊन निघून गेले, तर ख्रिस्ती झालेल्याने बद्ध राहण्याचे कारण नाही. विशेष हा की, ही प्रभूची आज्ञा नसून आपले स्वतःचे म्हणणे आहे, असे पौलाने आरंभीच स्पष्ट केले आहे. इतका प्रामाणिक खुलासा करणारे धर्मोपदेशक थोडेच सापडतील. पुढे मात्र चर्चने या सल्ल्याला नियमाचे रूप दिले, आणि एकोणिसाव्या शतकात तो हिंदुस्थानच्या कायद्यातही उतरला.

कलकत्त्याच्या कौन्सिलातील विधिसदस्य सर हेन्री मेन यांच्या पुढाकाराने १८६६ चा एकविसावा कायदा झाला. एखाद्या हिंदूने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या कारणाने त्याच्या पत्नीने, किंवा पतीने, सलग सहा महिने सहवास नाकारला, तर त्याला न्यायालयाकडे जाता येई. न्यायाधीश नाकारणाऱ्या पक्षास कारण विचारी. नकार कायम राहिला तर प्रकरण एक वर्ष पुढे ढकलले जाई, आणि मधल्या काळात दोघांची एकदा भेट घडवून आणली जाई. वर्षानंतरही नकारच आला, म्हणजे विवाह संपुष्टात येऊन दोघेही पुनर्विवाहास मोकळे होत. पत्नीला तेरा व पतीला सोळा वर्षे पुरी झालेली असावीत, एवढी वयाची अट होती.

कायदा घाईने केलेला नव्हता, हे त्या वर्षभराच्या मुदतीवरून दिसते. तरीही करिंथ आणि कोकण यांमधले अंतर त्याने पुरते मोजले नव्हते. ज्या मुलीचे लग्न दहाव्या-अकराव्या वर्षी वडिलांनी लावून दिले, तिची ‘राजी’ किंवा ‘नाराजी’ कोणती समजावयाची? शिवाय टाकणारा कोण? मुलगी आपल्या घरात, आपल्या देवांपाशी होती तेथेच होती. निघाला होता तो पती. मोकळीक दोघांनाही सारखीच, असे कायदा म्हणे. पण विधवाविवाह १८५६ मध्ये वैध होऊनही ज्या समाजाने तो पचविला नव्हता, तेथे ब्राह्मणाच्या टाकलेल्या बायकोला पुनर्विवाहाची मोकळीक म्हणजे रिकामे ताट होते.

मुलांचा प्रश्न तर याहून जुना. मुंबईत १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले आणि त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. मुलगा घरी आला, तरी घराचे दार उघडावयाचे की नाही हे जात ठरवीत होती.

या पार्श्वभूमीवर टिळकांच्या संसाराकडे पाहिले पाहिजे. नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांची पत्नी होऊन लक्ष्मी झाली. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका इंग्रज प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लहानगा दत्तू आईजवळ राहिला. नातलगांच्या आधाराने लक्ष्मीबाईंनी काही काळ पंढरपुरात काढला. पती जिवंत असून नसल्यासारखा, आणि सौभाग्य असून लोकांच्या कुजबुजीचा विषय झालेले!

कायद्याची वाट टिळकांना मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. पत्रे लिहिली, वाट पाहिली, आणि बायकोने धर्म बदललाच पाहिजे असा हट्ट धरला नाही. लक्ष्मीबाई परत आल्या त्या हिंदू राहूनच. पती ख्रिस्ती, पत्नीचे सोवळे निराळे आणि स्वयंपाकही निराळा, असा संसार नगरास सुरू झाला. पौलाच्या सल्ल्याचा पूर्वार्ध मराठी घरात याहून अक्षरशः क्वचितच कोणी पाळला असेल. टिळकांचा स्वभाव तापट व लहरी होता, हे खुद्द लक्ष्मीबाईंनीच ‘स्मृतिचित्रे’त खट्याळपणे नोंदविले आहे, म्हणूनच हा संयम अधिक नवलाचा वाटतो.

पुढे राहुरीस असताना, जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असे लक्ष्मीबाईंना आपल्याच विचाराने पटले, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीमागून पत्नी गेली, असे याचे वर्णन करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो त्यांच्यावर अन्याय आहे. पाच वर्षे त्यांनी आपले उत्तर स्वतः शोधले होते.

टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्या घराचे दार पुष्कळांसाठी उघडे राहिले होते. बालकवी ठोंबरे काही काळ तेथे पोटच्या मुलासारखे वाढले. आले ते हिंदू म्हणून, आणि राहिले तेही हिंदूच.