ताखीचा कुळवृत्तांत : एका नोंदवहीने तारलेला रानघोडा

१/
१९६९ साली मंगोलियाच्या गोबी प्रदेशात एक रानघोडा दिसला. त्याच्या जातीची रानातील ती अखेरची खात्रीची नोंद ठरली. आज त्याच देशात त्या जातीचे शेकडो घोडे मोकळे चरतात. मधली वर्षे ही जात पिंजऱ्यांत जगली. परंतु तिला तारले ते पिंजऱ्यांपेक्षा एका नोंदवहीने. त्या वहीचा हा इतिहास.

२/
मंगोल लोक या घोड्याला ‘ताखी’ म्हणतात. ठेंगणा बांधा, पिवळसर तपकिरी अंग, उभी राठ आयाळ. पाळीव घोड्याची गुणसूत्रे ६४, याची ६६. रशियन प्रवासी-संशोधक निकोलाय प्रझेवाल्स्की याने मध्य आशियातून त्याची कवटी व कातडे मायदेशी नेले. १८८१ मध्ये शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि ‘प्रझेवाल्स्कीचा घोडा’ हे नाव रूढ झाले.

३/
नाव झाले आणि संकट ओढवले. युरोपातील धनिकांना व प्राणिसंग्रहालयांना हा घोडा आपल्या दारी हवा होता. १८९९ पासून आजच्या युक्रेनमधील अस्कानिया-नोव्हा या फ्रीडरिख फाल्ट्स-फाइनच्या जहागिरीत शिंगरे येऊ लागली. १९०१ मध्ये हॅम्बुर्गचा प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक याने २८ शिंगरे युरोपात आणली.

४/
पूर्ण वाढीचा ताखी जिवंत हाती लागणे जवळजवळ अशक्य. म्हणून विणीच्या हंगामात कळपाचा पाठलाग होई, दमून मागे पडलेली शिंगरे धरली जात आणि त्यांना वाचवायला उभे ठाकलेले मोठे घोडे मारले जात. पाळीव घोड्यांच्या दुधावर जगवलेल्या शिंगरांपैकी कित्येक वाटेतच दगावली. जातीच्या रक्षणाची कथा अशी तिच्या लुटीपासून सुरू होते.

५/
पुढची चूक अधिक शांतपणे घडली. हे घोडे दुर्मीळ नाण्यांसारखे वाटले गेले : इथे एक जोडी, तिथे एक नर. प्रत्येक संग्रहालय आपल्यापुरते पाही. जवळच्या नात्यांत संकर होत राहिले, प्रजननशक्ती घटली, शिंगरे मरू लागली. जर्मनीतील हाले येथे तर एका पाळीव मंगोल घोडीचे रक्तही या वंशात मिसळले.

६/
त्यावर महायुद्ध कोसळले. अस्कानिया-नोव्हाचा कळप जर्मन फौजांच्या ताब्यातील काळात नष्ट झाला. १९४५ मध्ये जगभरच्या बंदिवासात अवघे ३१ घोडे उरले होते, आणि वंश पुढे नेईल अशी आशा फक्त म्युनिक व प्राग येथील कळपांकडून होती. एका संपूर्ण जातीचे भवितव्य दोन शहरांतल्या तबेल्यांवर येऊन ठेपले.

७/
महाराष्ट्रात घराण्यांचे कुळवृत्तांत छापले जातात : कोणाचा पुत्र कोण, कोणत्या गावी स्थायिक झाला, कोणत्या घरी लेक दिली. सगोत्र विवाह टाळायचा तर आधी गोत्र ठाऊक हवे. ताखीचे दुखणे नेमके हेच होते. घोडे विखुरलेले, नोंदी विखुरलेल्या, आणि कोण कोणाचा भाऊ हे सांगणारे कोणी नाही.

८/
उपाय मात्र एका दुसऱ्या प्राण्याने दाखवून दिला होता. युरोपीय गव्याचे रानातले अखेरचे कळप १९२० च्या दशकात संपले. १९२३ मध्ये बर्लिन येथे त्याच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिने उरलेल्या प्रत्येक गव्याचा शोध घेतला आणि १९३२ मध्ये त्यांची वंशावळ प्रसिद्ध केली. वन्य प्राण्यासाठी सिद्ध झालेली ही पहिली आंतरराष्ट्रीय वंशनोंद.

९/
हाच मार्ग ताखीसाठी हॅम्बुर्गच्या प्राणिशास्त्रज्ञ एर्ना मोर यांनी धरला. संग्रहालयांची कागदपत्रे चाळून त्यांनी १९५९ मध्ये या घोड्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वंशावळ होती. त्याच वर्षी प्रागमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्यानंतर वंशनोंदीचे काम प्राग प्राणिसंग्रहालयाकडे आले आणि यिर्झी वोल्फ यांनी ते दीर्घकाळ सांभाळले.

१०/
या वहीत प्रत्येक घोड्याला एक क्रमांक असतो. त्यापुढे आई, बाप, जन्मस्थान, कोठून कोठे पाठवला आणि मृत्यू. एवढ्या कोरड्या माहितीवरून कोणत्या जोडीचे नाते किती जवळचे, कोणत्या मूळ पूर्वजाचे रक्त लोपत चालले आहे आणि कोणता नर कोणत्या देशात धाडावा, हे ठरवता येते. आज हयात असलेले सारे ताखी जेमतेम डझनभर वन्य पूर्वजांचे वंशज आहेत.

११/
वहीचे मोल तिच्या प्रामाणिकपणात होते. हालेच्या पाळीव घोडीची नोंद पुसली गेली नाही. म्युनिकचा वंश तिच्यापासून अलिप्त मानला जाई, तर प्रागच्या वंशात तिचा अंश होता. दोन्ही वंश वेगळे राखावेत की मिसळावेत, यावर पुढे दीर्घ वाद झाले. पण वाद घालता आला, तोच मुळी सत्य लिहून ठेवले होते म्हणून.

१२/
काळ शीतयुद्धाचा होता. वही कम्युनिस्ट प्रागमध्ये. घोडे म्युनिकमध्ये, अमेरिकेत आणि सोव्हिएत संघात. १९४७ मध्ये मंगोलियाच्या रानात पकडलेली एक घोडी, ओर्लित्सा, पुढे अस्कानिया-नोव्हाला पोहोचली. थकलेल्या वंशाला मिळालेले ते बहुमोल नवे रक्त होते. देवाणघेवाणीतून तिचे वंशज सीमा ओलांडून गेले. माणसांना जिथे परवाने मिळत नसत, तिथे घोड्यांना मिळाले.

१३/
१९७० च्या दशकात यान व इंगे बाउमन या डच दांपत्याला हे घोडे बंदिस्त आवारात पाहून अस्वस्थ वाटले. १९७७ मध्ये त्यांनी रॉटरडॅम येथे संस्था स्थापन केली. वंशनोंदी तपासून त्यांनी जवळच्या नात्यांतील संकराचा धोका पुढे मांडला आणि घोड्यांना मोठ्या कुरणांत नेऊन पुन्हा कळपाने राहायची सवय लावली. संग्रहालये टिकवून ठेवू शकत होती, ‘कशासाठी?’ हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारला.

१४/
१९९० नंतर मंगोलियात लोकशाही आली आणि दार उघडले. १९९२ च्या जूनमध्ये घोडे मायदेशी उतरले : काही राजधानी उलानबातरपासून सुमारे १०० किलोमीटरवरच्या हुस्ताई येथे, काही गोबीलगतच्या ताखीन तालमध्ये. सन २००० पर्यंत एकट्या हुस्ताईत ८४ घोडे आणले गेले. आधी कुंपणात ऋतुमानाची सवय, मग मोकळे रान.

१५/
निसर्गाने मात्र कोणाचीच गय केली नाही. २००९-१० च्या हिवाळ्यात मंगोल लोक ज्याला ‘झुद’ म्हणतात तो जीवघेणा हिमप्रकोप झाला. गोबीतील १३७ ताखींपैकी सुमारे दोन तृतीयांश मेले. हुस्ताईचा कळप वेगळ्या ठिकाणी होता, आणि बाहेरच्या देशांतही घोडे राखलेले होते. २०११ पासून प्राग प्राणिसंग्रहालयाने झेक लष्कराच्या विमानांतून आणखी घोडे मंगोलियात नेले.

१६/
२०२० मध्ये अमेरिकेत कुर्ट नावाचे शिंगरू जन्मले. सॅन डिएगो येथे १९८० साली गोठवून ठेवलेल्या, एका दिवंगत घोड्याच्या पेशीपासून ते घडवले होते. असंख्य घोड्यांतून हाच का निवडला? कारण त्याच्या अंगी असलेला आनुवंशिक वारसा आज विरळ झाला आहे, हे वंशनोंदीनेच दाखवले.

१७/
२००८ मध्ये ताखीचे नाव ‘वन्य अवस्थेत नामशेष’ या वर्गातून वगळले गेले. २०११ पासून तो ‘संकटग्रस्त’ आहे. म्हणजे धोका टळलेला नाही. ज्या संग्रहालयांच्या हौसेपायी शिंगरे आयांपासून तोडली गेली, त्यांनीच पुढे आपापली मालकी बाजूला ठेवून एका वहीचा शब्द मानला. ‘माझा घोडा’ ही भाषा सुटली, तेव्हाच घोडा वाचला.