बीटा-रोधक औषधे : शोध, सावधगिरी आणि संज्ञा

औषधाचा इतिहास लिहिताना त्याचा शोध कोणी व केव्हा लावला, एवढे सांगून थांबण्याचा प्रघात आहे. परंतु औषध निर्धोकपणे कसे घ्यावे याचे ज्ञान शोधाबरोबर जन्मास येत नाही. ते पुढे अनेक वर्षे, एकेका अपघातातून, जमा होत जाते. हे ज्ञान रुग्णापर्यंत पोचते तेही शब्दांच्याच वाटेने. हृदयविकारावरील बीटा-रोधक औषधांच्या बाबतीत सावधगिरीचा इतिहास व संज्ञेचा अर्थ हे दोन्ही एकमेकांत कसे गुंतले आहेत, ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे लेखक वळला तो ग्रंथालयातून नव्हे. नागपुरात नंदनवन भागात राहणारे त्याचे एक वृद्ध आप्त हृदयशूलासाठी कित्येक वर्षे मेटोप्रोलॉल घेत असत. त्यांनी ते एके दिवशी एकाएकी बंद केले. कारण विचारता ते म्हणाले, “हृदयातला ब्लॉक काढा म्हन्तेत, अन् गोळी ब्लॉक करनारी देतेत, मी कायले घेऊ?” चौथ्या दिवशी छातीतील वेदना बळावून त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने ते बचावले. त्यांची चूक अज्ञानाची खरी. परंतु तिच्या मुळाशी एक शब्द होता.

अनुकंपी तंत्रिका हृदयाची गती वाढवितात व रक्तदाब चढवितात. हा ताण औषधाने उतरविण्याच्या प्रयत्नांत मुंबईला मानाचे स्थान आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये तिच्या रक्तदाबावरील गुणाविषयी लिहिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि ही मुळी जगाच्या वैद्यकात गेली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. 1957 मध्ये डॉ. वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले. रिसर्पीन तंत्रिकांच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रेनॅलिनचा साठाच रिता करते. साठा रिता होण्याचे परिणाम मात्र हृदयापुरते राहत नाहीत. मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्या काही रुग्णांत गाढ विषण्णता आढळू लागली, आणि कीर्तीच्या मागोमाग सावधगिरी आली.

दुसरी वाट याहून नेमकी होती. अमेरिकेतील रेमंड अल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये असे प्रतिपादन केले की, ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा संदेश स्वीकारणारे ग्राही दोन प्रकारचे असावेत. त्यांना त्यांनी आल्फा व बीटा अशी ग्रीक अक्षरांची नावे दिली. ही कल्पना पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिली. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी तिचे मोल ओळखले. हृदयशूलात हृदयाला प्राणवायू अपुरा पडतो. तेव्हा पुरवठा वाढविण्याऐवजी हृदयाची गरजच कमी का करू नये, असा त्यांचा प्रश्न होता. बीटा ग्राही अडविले म्हणजे ठोके मंदावतात, आकुंचनाचा जोर घटतो व गरज उतरते. त्यांचे पहिले औषध प्रोनेथॅलॉल उंदरांत अर्बुदे निर्माण करते असे दिसल्याने मागे पडले. त्याची जागा 1964 मध्ये प्रोप्रॅनोलॉलने घेतली. ब्लॅक यांना 1988 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथवरचा भाग शोधाचा. सुरक्षिततेचा इतिहास यानंतर सुरू होतो. बीटा ग्राही केवळ हृदयात नसतात, श्वासनलिकांतही असतात. ते अडविले की नलिका आकुंचन पावतात. दमेकऱ्यांना प्रोप्रॅनोलॉलचा धोका त्यामुळे लवकरच ध्यानात आला. मुख्यतः हृदयावर कार्य करणारे म्हणून 1970 मध्ये प्रॅक्टोलॉल आले. पण दीर्घकाळ ते घेणाऱ्या काहींच्या डोळ्यांना, त्वचेला व उदरावरणाला गंभीर इजा झाल्याने 1975 च्या सुमारास त्याचा तोंडाने घेण्याचा वापर थांबविणे भाग पडले. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही नंतरची औषधेही हृदयाकडे झुकणारी आहेत. तथापि हा झुकाव सापेक्ष असून मात्रा वाढली की तो क्षीण होतो.

त्याच सुमारास, 1974 व 1975 मध्ये, दुसरी एक गोष्ट उघड झाली. औषध एकाएकी थांबविलेल्या हृदयशूलाच्या रुग्णांत वेदना उसळल्या, काहींना हृदयविकाराचा झटका आला. ग्राही दीर्घकाळ अडविले गेले की शरीर त्यांची संख्या वाढविते. अडसर अकस्मात निघाला म्हणजे वाढलेल्या ग्राहींवर ॲड्रेनॅलिनचा मारा होतो. म्हणून हे औषध सोडावयाचे तर वैद्यांच्या सल्ल्याने, एक-दोन आठवड्यांत मात्रा पायरीपायरीने उतरवीत सोडावयाचे. नंदनवनातील आप्तांवर जे ओढवले ते जवळजवळ अर्ध्या शतकापूर्वी ग्रंथित झालेले होते.

या इतिहासात एक विलक्षण उलटापालटही आहे. दुबळ्या झालेल्या हृदयाला हे औषध वर्ज्य, असा प्रारंभीचा नियम होता. 1975 मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सात रुग्णांना ते दिल्यावर सुधारणा दिसली. वैद्यकविश्वाने हे मानावयास सुमारे पाव शतक घेतले. 1999 मध्ये बिसोप्रोलॉल व मेटोप्रोलॉल यांच्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. अट एवढीच की, प्रकृती स्थिर असताना अत्यल्प मात्रेने आरंभ करून ती सावकाश वाढवावी. याउलट, झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाची शक्ती शाबूत आहे अशा रुग्णांत 2024 च्या एका स्वीडिश-प्रधान चाचणीत लाभ आढळला नाही. कोणाला द्यावे हा प्रश्न, अर्थात, अजूनही मिटलेला नाही.

आता संज्ञेकडे वळू. आपल्या बोलण्यात ‘ब्लॉक’ हा एकच शब्द तीन अर्थांनी येतो. पहिला, हृदयाच्या धमनीतील अडथळा. दुसरा, हृदयातील विद्युत्-संदेशाच्या वहनातील खंड. हा गंभीर असेल व पेसमेकर बसविलेला नसेल तर बीटा-रोधक देऊ नये. तिसरा, ग्राही अडविणारे औषध. पहिल्या विकारात औषध हितकर, दुसऱ्यात घातक. आणि रुग्ण मात्र दोहोंना “मले ब्लॉक हाय” असेच म्हणतो. ‘हार्ट फेल’ची तीच गत आहे. वैद्याच्या मुखी तो हृदयाच्या दौर्बल्याचा वाचक, तर आपल्या घरांत मृत्यूचा.

उलटपक्षी, औषधांची नावे या बाबतीत साहाय्यक ठरतात. प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल या साऱ्यांच्या अंती ‘लॉल’ हा ध्वनिसमूह आहे. तो कुळाचे आडनावच समजावा. काचबिंदूवर डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलही याच कुळातले, आणि त्या थेंबांनीदेखील दमा उसळू शकतो, ही गोष्ट नेत्रवैद्याजवळ दमा लपविणाऱ्याने ध्यानी घ्यावी. दम्याचे सालब्युटामॉल मात्र ‘मॉल’ने संपते, ते बीटा ग्राहींना अडवीत नाही, चेतविते. एका व्यंजनाच्या फरकात दोन विरुद्ध क्रिया सामावल्या आहेत. मधुमेही रुग्णासाठी आणखी एक खूण सांगितली पाहिजे : रक्तातील साखर उतरल्याची धडधड व थरथर हे औषध झाकून टाकते, घाम मात्र झाकत नाही, तेव्हा अवेळी आलेला घाम हीच त्याची सूचना.

शास्त्रीय लेखनात ‘बीटा-रोधक’ ही संज्ञा योग्यच आहे. ती बदलण्याचे प्रयोजन नाही. परंतु अवरोध, निरोध, विरोध अशा शब्दांच्या सहवासात वाढलेल्या मराठी मनाला ‘रोधक’ म्हणजे वाट बंद करणारे असेच वाटणार. रुग्णाशी बोलताना ‘ठोके आवरणारी गोळी’ असे म्हटले, आणि ‘ती आपण होऊन सोडू नये’ हे वाक्य तिच्या नावाइतकेच नेमाने सांगितले, तर वैद्यकाने अपघातांतून मिळविलेले ज्ञान घरोघरी पोचेल. नाव काय द्यावे हा भाषाशास्त्राचा प्रश्न खरा. पण त्याच्या उत्तरावर येथे कोणाचे तरी हृदय अवलंबून आहे.