सुट्टीतील रतनपूर

अठराव्या शतकात इंग्रज उमरावांच्या मुलांचे शिक्षण युरोपच्या मोठ्या फेरीवाचून पुरे झाले असे मानीत नसत. पॅरिस, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि शेवटी रोम हा त्या फेरीचा ठरीव मार्ग असे. इ. स. १७६४ च्या ऑक्टोबरात रोमच्या कॅपिटोल टेकडीवरील भग्नावशेषांत बसलेल्या गिबनच्या मनात त्या नगरीच्या ऱ्हासाचा इतिहास लिहावा असे प्रथम आले, हे त्यानेच नमूद करून ठेवले आहे. त्याच वर्षी, आम्ही ज्या शंकर नगरात हे लिहीत आहो तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवर, रतनपुरास नागपूरकर रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी राज्य करीत होते. परंतु त्या बाजूस फेरीला निघावे असे रायपुरातील मराठी घरांना क्वचितच वाटते. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याचे डोळे नागपूरच्या गाडीकडे लागलेले असतात.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेजारच्या एका विद्यार्थ्याने व त्याच्या तीन मित्रांनी युरोपचा बेत केला होता. खर्चाचा आकडा पाहून तो छत्तीसगडवर आला. मोटारीत एक जागा रिकामी होती, ती आमच्या वाट्यास आली. चौघांपैकी एक जण अस्सल छत्तीसगढी, राजीमकडचा. आरंभीच त्याने विचारले, “काका, रोमनांनी युरोपला रस्ते दिले. तुमच्या भोसल्यांनी आम्हांला काय दिले?” प्रश्न विनोदाने विचारलेला असला तरी विनोदावर नेण्याजोगा नव्हता.

राजीमविषयी थोडक्यातच सांगतो. महानदी, पैरी व सोंढूर यांच्या संगमाजवळचे राजीवलोचनाचे मंदिर आणि त्यातील जगपालाचा इ. स. ११४५ चा शिलालेख एवढे पाहून आम्ही सिरपुरास गेलो. तेथील विटांचे लक्ष्मणमंदिर सातव्या शतकातले. महाशिवगुप्त बालार्जुनाची माता वासटा हिने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते उभारले. पतीच्या स्मृतीसाठी पत्नीने बांधलेली इतकी जुनी वास्तू देशात फारशी नाही, असे आम्ही म्हणताच मुलांनी ताजमहालाची आठवण काढली. ती हजार वर्षांनी अलीकडची. विटेवरचे ते कोरीव काम दगडालाही लाजवील असे आहे. मराठी माणसाने येथे आणखी एक नाव ध्यानात ठेवावे. इ. स. १९५३ नंतरच्या तीन वर्षांत येथील उत्खनन मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले व मातीखालचे बौद्ध विहार उजेडात आणले. तसेच, रतनपूरच्या कलचुरींचे शिलालेख व ताम्रपट वाचून, लावून, १९५५ साली ग्रंथरूपाने जगापुढे ठेवले ते महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी. या दोघांनी प्रांताकडून काही नेले नाही.

रतनपुरास पोहोचल्यावर मात्र मूळ प्रश्न टाळणे शक्य नव्हते. अकराव्या शतकात रत्नदेवाने वसविलेल्या या राजधानीवर इ. स. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर चालून आला. ‘भास्करपंत’ म्हणून त्याचे नाव येथे अजून निघते. वृद्ध राजा रघुनाथसिंह एकुलत्या एका मुलाच्या शोकात बुडालेला होता. त्याने प्रतिकारच केला नाही. वाड्याचा काही भाग तोफांनी ढासळल्यावर एका राणीने तटावर चढून तहाचे निशाण दाखविले. पंताने लाख रुपये दंड बसविला व तो पुढच्या मोहिमेस लागला. रायपूरच्या धाकट्या पातीचा अमरसिंह काही वर्षांनी निमूटपणे बाजूस सारला गेला. हा विजय खरा. त्यात शौर्य शोधू जाणाऱ्याच्या हाती मात्र फारसे लागणार नाही.

बिंबाजींचा काळ (१७५८ ते १७८७) वेगळा. नावाने ते नागपूरच्या अधीन, पण त्यांचा दरबार व सैन्य स्वतःचे, आणि मुख्य म्हणजे त्यांचे राहणेही येथलेच. रामटेकरीवरील राममंदिर त्यांचे. दप्तरात मोडी व मराठी आली ती त्यांच्याच वेळी. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची येथली चालही लोक त्यांच्याकडे लावतात. टेकरीच्या पायऱ्या चढताना हे सांगितले तेव्हा राजीमचा मित्र थबकला. ही चाल आपल्याच पूर्वजांची, असे तो समजत आला होता. आता ती त्यांचीही आहेच.

बिंबाजींच्या पश्चात व्यंकोजी भोसल्यांनी नागपुरातूनच कारभार करण्याचे ठरविले आणि रतनपुरास सुभेदार नेमले. पहिला महिपतराव दिनकर, त्यानंतर विठ्ठलराव दिनकर. बिंबाजींची विधवा आनंदीबाई यांचा दबदबा या सुभेदारांनाही मानावा लागे. विठ्ठलरावाने इ. स. १७९० नंतर छत्तीस गढांची जुनी घडी मोडून सत्तावीस परगणे पाडले, प्रत्येकावर कमाविसदार, फडणीस व बरारपांडे बसविले. कागदावर ही रचना जुन्या गढव्यवस्थेहून नीटनेटकी, यात शंका नाही. पण सुभेदारी मक्त्याने दिली जाई. ठरलेली रक्कम नागपुरास भरली की उरलेले सुभेदाराचे. ज्याला उद्या येथे राहावयाचे नाही आणि ज्याच्या वसुलीवर कोणाची नजर नाही, तो तलाव कशाला खोदील? बिंबाजी व हे सुभेदार एकाच भाषेचे, एकाच राज्याचे. फरक राहण्याचा होता. आमच्या मते छत्तीसगडातील मराठी अमलाला जो बोल लागतो, तो बहुतांशी या तीस वर्षांचा आहे आणि तो योग्यच आहे. शेजारच्या मुलाला हे मान्य झाले नाही. इंग्रजांच्या लेखणीने लिहिलेला इतिहास काका खरा मानतात, असा त्याचा आक्षेप. त्यात तथ्य आहे: विजेत्याने आधीच्या राजवटीला नावे ठेवणे ओघानेच येते. तथापि मक्त्याची पद्धत इंग्रजांनी कल्पनेने रचलेली नव्हे.

सीताबर्डीच्या लढाईनंतर, इ. स. १८१८ मध्ये, कारभार इंग्रज अधीक्षकाकडे गेला. एग्न्यूने सत्तावीस परगण्यांचे आठ केले. मुख्य ठाणे त्याच सुमारास रतनपुराहून रायपुरास हलले. १८३० मध्ये प्रांत पुन्हा भोसल्यांच्या अधिकाऱ्यांकडे आला, तरी ठाणे रायपुरातच राहिले. १८५४ साली सारेच खालसा झाले. पुढे शंकर नगरात जे सरकारी बंगले उभे राहिले, त्यांची मुळे त्या १८१८ च्या स्थलांतरात आहेत. रतनपुरास तलाव, महामायेचे मंदिर, किल्ल्याचे पडके दरवाजे आणि रामटेकरी एवढे उरले.

परतताना नांदघाटाजवळ चहाला थांबलो, तेव्हाही वाद मिटलेला नव्हता. विठ्ठलरावाचे परगणे आणि आजचे तालुके नकाशावर एकमेकांशी ताडून पाहायचे, एवढे मात्र चौघांत ठरले. कागद राजीमचा मित्र आणणार आहे.