पुढाऱ्यांचे छायाचित्रकार आणि त्यांच्या शर्ती

लोकनायकांच्या मुद्रांशी आपला जो परिचय आहे, तो बहुतांशी छायाचित्रकारांच्या मध्यस्थीने झालेला आहे. परंतु या मध्यस्थांना नायकाच्या सान्निध्यात प्रवेश कोणत्या शर्तींवर मिळाला, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

वर्ध्यानजीकच्या सेवाग्राम आश्रमात कारकुनी कामे सांभाळणारे कनू गांधी, म्हणजे गांधीजींचे चुलतपुतणे नारणदास यांचे चिरंजीव, यांनी 1938च्या सुमारास छायाचित्रे घेण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा महात्माजींनी परवानगी दिली खरी, पण तीन शर्ती घातल्या: फ्लॅशचा झोत वापरू नये, आपणांस कधीही विशिष्ट ढबीत उभे राहण्यास सांगू नये, आणि आश्रमाच्या खजिन्यातून या छंदासाठी पैचीही अपेक्षा धरू नये. उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या 100 रुपयांतून मग रोलीफ्लेक्स कॅमेरा आला. कुडाच्या झोपड्यांतील अंधूक उजेड आणि त्या काळची मंद फिल्म यांमुळे कित्येक चित्रे धूसर उतरली. तथापि, छातीशी धरलेल्या त्या कॅमेऱ्यात मान लवूनच पाहावे लागत असल्याने समोरच्यावर नजर रोखण्याचा प्रसंग येत नसे, आणि म्हणूनच हरिजन फंडासाठी आगगाडीच्या खिडकीतून हात पसरणारे गांधीजी त्या चित्रांत आहेत, ते कोणासाठी सजलेले नाहीत. एक परवानगी मात्र नाकारली गेली: फेब्रुवारी 1944 मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात पतीच्या मांडीवर मस्तक ठेवून कस्तुरबांनी अंतिम श्वास घेतले, ते क्षण टिपण्यास गांधीजींनी मनाई केली, आणि कनूंनी ती पाळली.

छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची वाट निराळी. 1913 साली नवसारीत जन्मलेल्या या पारशी विदुषीचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात झाले. आरंभीची त्यांची चित्रे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत. पुढे 1942 साली त्या दिल्लीस ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात रुजू झाल्या. फाळणीच्या योजनेस संमती देण्यासाठी उंचावलेले काँग्रेसजनांचे हात त्यांनी 1947 साली टिपले. त्यांच्यावर कोणा महात्म्याने शर्ती लादल्या नव्हत्या; साडी नेसून, अवजड यंत्र खांद्यावर वागवून, समारंभाचा शिष्टाचार न मोडता उभे राहण्याचा दंडक त्यांनी स्वतःच स्वतःस घातला होता. पतिनिधनानंतर 1970 साली त्यांनी व्यवसाय सोडला, त्यास नव्या छायाचित्रकारांतील सभ्यतेचा लोप हेही एक कारण त्या सांगत.

30 जानेवारी 1948 रोजी, गांधीजींची हत्या झाली त्या दिवशी, कनू नौखालीत होते आणि होमाई दिल्लीतील बिर्ला भवनाकडे निघूनही पतीच्या निरोपामुळे परतल्या होत्या. उभयतांच्या संग्रहात त्या सायंकाळच्या प्रार्थनेचे चित्र नाही.

कनूंवर घातलेली तिसरी शर्त वरकरणी सर्वांत कठोर, पण नीट पाहता तीच सर्वांत मोलाची ठरली. ज्या चित्राचा खर्च नायकाच्या तिजोरीतून भागत नाही, ते त्याच्या हुकमाबाहेर राहण्याची निदान शक्यता तरी उरते. पुढाऱ्याच्या प्रचारफेरीत त्याच्याच पदरी असलेला छायाचित्रकार आज सोयीचा कोन शोधत धावतो, तेव्हा त्याला फ्लॅशची बंदी नसते, पैशाची वाण नसते आणि ढब सुचविण्याचीही गरज पडत नाही, कारण पुढारी ती आधीच घेऊन उभा असतो.