विमलासुराची प्रजाती करायची तर

मराठी भुतं-राक्षस घेऊन एखादं काल्पनिक जग रचायचं झालं, तर त्यांच्या 'प्रजाती' कशा करायच्या, हा आजचा प्रश्न.

मुंज्याचंच बघा. 2024 च्या 'मुंज्या' चित्रपटात तो संगणकावर घडवलेला एक प्राणी झाला. पण कोकणातला मुंज्या म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी मेलेला मुलगा, मुक्काम पिंपळावर. हे एका मरणाचं नाव आहे. मुंज्याला काही पोरं होत नाहीत! त्याची प्रजाती केली, की मागे रडणारं घर गळून पडतं.

असुरांचं तसं नाही. पुराणांनीच त्यांना वंश दिलाय. बाप कश्यप, दितीचे ते दैत्य, दनूचे ते दानव. आणि अदितीचे देव. म्हणजे सगळे सावत्र भाऊच.

आता आपल्या निर्मळचा विमलासुर. परशुरामाने त्याला मारलं, असं परंपरा सांगते. पण तो शिवभक्त, आणि इथला महादेव आजही विमलेश्वर. मारणाऱ्याचं नव्हे, मेलेल्याचं नाव देवाला! मधे पोर्तुगीज अंमल आला, 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, तरी नाव टिकलं. कार्तिकातल्या जत्रेत सुकेळी घ्यायला आलेला माणूसही ते घेतोच.

टॉल्किनच्या ऑर्कांसारखी अख्खी जमात वाईट ठरवणं सोपं असतं. खुद्द टॉल्किनलाही ते पुढे खटकत राहिलं. आपल्याला तर ती सोय नाहीच. विमलासुराची प्रजाती कोणाला भजते, हे आधी ठरवावं लागेल. शिंगं किती, ते चित्रकार बघेल.