शस्त्राची वंशावळ : मालकी, वापर आणि नोंद

जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरचा जाणता संग्राहक शस्त्राइतकाच त्याच्यासोबतचा कागद विकत घेतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी आपले रिव्हॉल्व्हर बहुधा स्वखर्चाने घेत. विक्रेत्याची खतावणी, शस्त्रावरील अनुक्रमांक, कोरलेले नाव आणि अधिकाऱ्याच्या सेवेची नोंद ही साधने परस्परांशी जुळली, की धातूच्या तुकड्याला चरित्र लाभते. १८५१ च्या ॲडम्स किंवा १८८७ मध्ये लष्कराने स्वीकारलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचे मोल म्हणूनच नगानगाला बदलते. साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये. हस्तलिखितांची परंपरा लावताना आपण याहून वेगळे काय करतो?

मराठी मुलखातील अलीकडचे उदाहरण तलवारीचे आहे. नागपूरकर भोसले घराण्यातील पहिले रघूजी (१६९५–१७५५) यांच्या नावाची तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीजच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. पाते युरोपीय, सरळ व एकधारी. त्यावर देवनागरीत सोन्याने रघूजींचे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ हे पद आणि ‘फिरंग’ हा शब्द. येथे पात्यावरील मजकूर हाच दाखला होय. परंतु तो दाखला मालकीचा आहे, वापराचा नव्हे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांच्या हाती गेली असावी, हे म्हणणे सयुक्तिक आहे. तरीही तो तर्कच. उत्सवी बातम्यांनी हा भेद फारसा पाळला नाही.

याच रघूजींच्या सैन्याने भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली १७४१ मध्ये रतनपूर जिंकले आणि छत्तीसगड भोसल्यांच्या कक्षेत आले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना रायपुरात फाशी देण्यात आली. त्यानंतर १८ जानेवारी १८५८ रोजी तेथील छावणीतील हनुमानसिंह याने सार्जंट-मेजर सिडवेल यास ठार मारले. हा हनुमानसिंह दारूगोळ्याच्या कोठारावरील चाकर, म्हणजे शस्त्रे ज्याच्या रोजच्या हाताखालची, पण त्यांपैकी एकही त्याच्या मालकीचे नाही. तो निसटला. त्याच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारीस फाशी झाली. त्यांत हवालदार गाझी खान होता, गोलंदाज आणि साधे शिपाईही होते.

या सतरा जणांची नावे शासकीय दप्तरात उरली ती शिक्षेमुळे. त्यांच्या हातांतील बंदुका सरकारी मालमत्ता होत्या. त्यांवर शिपायाचे नाव कोरण्याचा प्रश्नच नव्हता. संग्राहकाची कसोटी प्रामाणिकपणे लावली, तर त्या दिवसांतील एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याचे रिव्हॉल्व्हर उद्या लिलावात सप्रमाण ठरू शकेल. गाझी खानाची बंदूक मात्र एखाद्या संग्रहालयात समोर मांडलेली असली, तरी ती ओळखता येणार नाही.